सुट्टा आणि अक्रोडाएवढं टेन्शन

फुप्फुसं, हृदय, घसा... सिगरेटने काय काय बिघडतं, हे आपल्यापैकी कुणीही एका दमात सांगेल. पाकिटावरच्या चित्रांनी तेवढं शिकवलंय. पण ग्रुपमध्ये प्रोस्टेटचं नाव काढून बघा. एक तर हशा पिकतो, नाही तर कुणी तरी म्हणतं, ‘ते म्हाताऱ्यांचं काही तरी असतं ना?’

बॉस, ही अक्रोडाएवढी ग्रंथी प्रत्येक पुरुषात असते. मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून बसलेली. म्हणून ती वाढली की लघवीची धार बारीक होते, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. ही वाढ मुख्यतः वयामुळे होते. तिचं खापर सिगरेटवर फोडण्याइतका पक्का पुरावा नाही.

कॅन्सरचं गणित वेगळं आहे. सिगरेटमुळे प्रोस्टेटचा कॅन्सर होतोच, असं संशोधन म्हणत नाही. पण झालाच, तर ओढणाऱ्याला तो जास्त महागात पडतो. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या कॅन्सरचे ५,३६६ रुग्ण होते. निदानाच्या वेळी सिगरेट ओढत असलेल्यांचा या आजाराने मृत्यू होण्याचा धोका, कधीच न ओढलेल्यांपेक्षा ६१ टक्के जास्त निघाला. कॅन्सर उलटण्याचा धोकाही तेवढाच जास्त. आणि गुड न्यूज? सिगरेट सोडून दहा वर्षं झालेल्यांचा धोका जवळपास न ओढणाऱ्यांइतकाच होता.

हे मी माझ्या मामाला सांगितलं. वय ६४, प्रोस्टेटचा कॅन्सर, दिवसाला दहा सिगरेटी. तो हसला. म्हणाला, ‘अरे, व्हायचं ते झालं. आता सोडून काय मिळणार?’

वाद घालायला माझ्याकडे फक्त आकडे होते. त्याच्या डॉक्टरांनी एका वाक्यात काम केलं : ‘काका, ऑपरेशन मी करीन, पण जखम तुमच्या शरीराला भरायची आहे.’ सिगरेटने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तातला प्राणवायू कमी होतो, जखमा उशिरा भरतात. कॅन्सर झाल्यावरही ओढत राहणाऱ्यांची तब्येत जास्त ढासळते. मामाने त्या आठवड्यात पाकीट मामीच्या हातात दिलं. चिडचिड भरपूर झाली, पण पाकीट परत मागितलं नाही.

तुम्ही तिशीत आहात, मामा लांब आहे, असं वाटतंय? मग त्याच आकसलेल्या रक्तवाहिन्यांचा बेडरूमशी थेट संबंध आहे, एवढं सांगतो. ताठरता कमी होण्याचं सिगरेट हे एक सिद्ध झालेलं कारण आहे. शिवाय प्रोस्टेटच्या शेजारच्या मूत्राशयाच्या कॅन्सरचं ती सगळ्यात मोठं कारण आहे.

तेव्हा फंडा सिंपल. लघवीत रक्त दिसलं, एकदाच का होईना, तर गूगल नको, डॉक्टर गाठा. वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल, तर पंचेचाळिशीच्या आसपास पीएसए तपासणीबद्दल विचारा. आणि सोडायचं ठरलं, पण जमत नसेल, तर १८००-११-२३५६ ही सरकारी हेल्पलाइन फुकट आहे. टपरीवरच्या पुढच्या ब्रेकला एक फोन लावून तर बघा. चहा घ्या हवं तर, चहाला माझी काही हरकत नाही!