निसर्गाविरुद्ध म्हणजे काय?



एखादीची सून चाकणच्या कंपनीत रात्रपाळीला जाऊ लागली, की आपल्यात हमखास ऐकू येतं, “बाईमाणसानं असं करणं निसर्गाविरुद्ध आहे.” 1948 च्या कारखाना कायद्यातही बाईला संध्याकाळी 7 ते सकाळी 6 कामाची मनाई होती. पुढे सुरक्षेच्या अटी घालून ती शिथिल झाली. निसर्ग मात्र तोच राहिला.

आणि निसर्ग हेच माप धरलं, तर पर्युषणातली अठाई काय? भूक निसर्गाचीच. ती आठ दिवस जिंकणाऱ्या तपस्विनीचं आपण कौतुक करतो. साधू-साध्वींच्या केशलोचाला हात जोडतो.

आपल्याकडे याहून नेमका शब्द आहे, विभाव. पाणी मुळात गार, चुलीवर तापतं. उतरवलं की पुन्हा गार. तसा आत्म्याचा स्वभाव शांत; क्रोध, मान, माया, लोभ हे विभाव.

रात्रभर उभं राहून घराला हातभार लावणारीला तो शब्द लागू होत नाही. तिच्यामागे चालणाऱ्या कुजबुजीला होतो. तिला विचारायचंच तर एवढं विचारूया: झोप पुरी होते ना? येण्याजाण्याची गाडी दारापर्यंत येते ना?