बाळासोबत आईलाही दाखल करून घ्यावे : बीड जिल्ह्यातील नवजात अतिदक्षता कक्षांबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा सदस्य सचिव, जिल्हा नियोजन समिती,
बीड

विषय : नवजात अतिदक्षता कक्षात दाखल असलेल्या बाळांच्या मातांची राहण्या-जेवणाची सोय, आईच्या दुधाची व्यवस्था आणि बाळ घरी सोडल्यानंतरची देखरेख याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणाऱ्या महिला गेवराई, वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार अशा वेगवेगळ्या तालुक्यांतल्या आहोत. आमची बाळे दिवस भरायच्या आत किंवा फार कमी वजनाची जन्मली. कुणाचे सव्वा किलोचे, कुणाचे दीड. त्यांना काही आठवडे ‘काचेत’ ठेवावे लागले. सह्या करणाऱ्यांत काही आज्याही आहेत, कारण कक्षाबाहेरच्या बाकड्यांवर रात्री काढल्या त्या त्यांनीच.

हे निवेदन कुणा डॉक्टर, परिचारिका किंवा रुग्णालयाविरुद्धची तक्रार नाही. म्हणून कुठे काय घडले त्याची नावे आम्ही लिहिलेली नाहीत. आमची बाळे जगली ती याच लोकांमुळे, आणि एका परिचारिकेकडे किती बाळे असतात हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आमचे म्हणणे रीतीबद्दल आहे. बाळ रुग्ण म्हणून दाखल होते, आई मात्र ‘नातेवाईक’ ठरते. नातेवाइकाला भेटीची वेळ असते, खाट नसते.

चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे ही तिन्ही कामे एका लयीत जमत नाहीत. त्याला आधी तोंडातून पोटात घातलेल्या नळीने, मग वाटी-चमच्याने आणि शेवटी अंगावर, असे पायरीपायरीने पाजावे लागते. सव्वा किलोच्या बाळाला दूध सुरू करतात तेव्हा दर दोन तासांनी जेमतेम आठ मिलिलिटर लागते, म्हणजे साधारण दीड चमचा. एवढे दूध बहुतेक आयांना येऊ शकते. मात्र त्यासाठी बाळंतिणीने पहिल्या काही तासांतच हाताने दूध काढायला लागावे लागते. सुरुवातीचा चीक थेंबभर निघाला तरी तो बाळाच्या तोंडात जायला हवा. पुढे दिवसरात्र मिळून आठ ते दहा वेळा दूध काढावे लागते, आणि रात्रीची वेळ चुकवून चालत नाही. दूध निघत राहिले तरच पान्हा टिकतो.

आता ही बाळंतीण त्या वेळी कुठे असते ते पाहावे. पुष्कळदा प्रसूती एका ठिकाणी होते आणि बाळाला १०८ च्या गाडीने दुसरीकडे नेतात. बाळासोबत बाप जातो. पोट चिरलेली आई पहिल्याच रुग्णालयात पडून राहते. तिला दूध काढायला कुणी सांगत नाही, आणि काढले तरी ते पोचवायचे कसे? इकडे बापाच्या हातात दुधाच्या डब्याची चिठ्ठी पडते. आठवड्याने आई बाळापाशी येते तेव्हा तिचे दूध आटत आलेले असते.

जी बाळाच्याच रुग्णालयात बाळंत होते, तिची गतही फार वेगळी नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ पासून सुरू आहे. त्यात साध्या बाळंतपणानंतर तीन दिवस आणि शस्त्रक्रिया झाल्यास सात दिवस आईला मोफत जेवण आहे. आजारी बाळाचे उपचार आणि ने-आण मोफत आहेत. आधी तीस दिवसांपर्यंत, पुढे ती मुदत एक वर्षापर्यंत वाढली. म्हणजे बाळाचा मुक्काम तीन-चार आठवडे आणि आईचे ताट तीन दिवसांचे. ज्या बाईच्या अंगातून औषधापेक्षा मोलाची वस्तू दर तीन तासांनी काढायची, तिला चौथ्या दिवशी सुट्टी मिळते. मग ती व्हरांड्यात चटई टाकते किंवा गावाकडून एसटीने येऊन-जाऊन करते. दूध काढायला आडोसा म्हणून दोन बाया साडीचा पदर धरून उभ्या राहतात. आमच्यातल्या काहींनी ते स्वच्छतागृहात काढले आहे, आणि ते बाळाला द्यावे की नाही या विचाराने ओतूनही दिले आहे. बीडचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. शीतकपाटाबाहेर दूध तीन-चार तासांच्या पुढे धरू नये असे शिकवतात. एप्रिल-मे महिन्यात तेवढाही भरवसा राहत नाही.

शेवटी घरातली माणसे म्हणतात, ‘हिला दूधच नाही.’ हे वाक्य आमच्यापैकी जवळपास प्रत्येकीने ऐकले आहे. सासरी ऐकले, माहेरीही ऐकले. काढायला जागा, पोटात अन्न, पाठ टेकायला खाट आणि कसे काढायचे ते दाखवणारे माणूस, यांतले काहीच नसताना दूध आटले तर तो दोष बाईच्या अंगाचा नाही. हे सरकारी कागदावर एकदा लिहिले जावे, एवढ्यासाठीसुद्धा हे निवेदन दिले असते तरी चालले असते.

आमची मुख्य मागणी अशी : जिल्हा रुग्णालय, बीड आणि स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अंबाजोगाई या दोन्ही ठिकाणी बाळ अतिदक्षता कक्षात असेपर्यंत आईची नोंद दाखल रुग्ण म्हणूनच राहावी. तिला कक्षाला लागून खाट, दोन वेळचे जेवण व नाश्ता, पिण्याचे पाणी, अंघोळीची सोय आणि स्वतःच्या टाक्यांची तपासणी मिळावी. जेवण म्हणजे पातळ वरणभात नव्हे. बाळंतिणीला भाकरी, भाजी, दूध, शेंगदाणा-गूळ असे पोटभर लागते. केंद्राच्या निधीत तीन व सात दिवसांपुढची तरतूद बसत नसेल, तर वरचे दिवस जिल्हा नियोजन समितीच्या किंवा रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून भागवावेत. ही रक्कम एका व्हेंटिलेटरच्या किमतीपुढे किरकोळ ठरेल, असा आमचा अंदाज आहे. प्रशासनाने हिशेब मांडून आमचे चुकत असल्यास दाखवावे.

आईला कक्षात येऊ देण्याने जंतू पसरतात, हे उत्तर आम्हाला नेहमी मिळते. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह भारत व आफ्रिकेतील चार देशांत मिळून झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅमपर्यंतच्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवले, तेव्हा पहिल्या महिन्यातले मृत्यू एक चतुर्थांशाने कमी झाले. त्यासाठी आईची खाट अतिदक्षता कक्षातच होती. त्यानंतर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हीच पद्धत शिफारस म्हणून स्वीकारली आणि रोज आठ ते चोवीस तास बाळ असे ठेवावे असे सांगितले. भारत सरकारनेही २०१७ मध्ये आई-वडिलांना कक्षात घेऊन बाळाची काळजी शिकवण्याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. हात धुऊन, गाऊन घालून आई आत आली तर बिघडत नाही, हे आता वरच्या पातळीवर मान्य झालेले आहे. बाळ असे छातीशी ठेवण्याच्या या कांगारू पद्धतीसाठी पाठ टेकता येईल अशा खुर्च्या, पुढून उघडणारे गाऊन आणि बाळ बांधायची फडकी एवढेच सामान लागते. बाप आणि आजी यांनाही छातीशी बाळ घेऊ द्यावे. आई झोपणार कधी?

आईला कक्षात येऊ देण्याला आणखी एक कारण आहे. कमी वजनाच्या बाळात जंतुसंसर्ग वाढू लागला की अनेकदा पहिली खूण पाजण्यातच दिसते. काल आठ मिलिलिटर पचवणारे बाळ आज ओकते, पोट फुगते, चमच्याला ओठ लावत नाही. यंत्राची घंटी वाजण्याआधी हे पाजणाऱ्या हाताला कळते. तो हात आईचा असला आणि ती तिथेच असली, तर परिचारिकेचे काम वाढत नाही, हलके होते.

दुसरी मागणी दुधाच्या साखळीची. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ साली मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. म्हणजे हा धडा महाराष्ट्राने इतरांना दिलेला आहे. केंद्राच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे वैद्यकीय महाविद्यालयाच्या पातळीवर दात्या मातांचे दूध तपासून, निर्जंतुक करून साठवणारे पूर्ण केंद्र आणि जिल्हा रुग्णालयात आईचे स्वतःचे दूध काढून ठेवण्याची सोय अपेक्षित आहे. या तत्त्वांप्रमाणे अंबाजोगाईत व बीडमध्ये आज काय चालू आहे, काय कागदावर आहे, हे आम्हाला लेखी कळवावे. अंबाजोगाई ते बीड अंतर मोठे असले तरी लसीची शीतपेटी रोज तालुक्या-तालुक्यांत जातेच. त्याच शिस्तीने दूधही जाऊ शकते. तोवर किमान प्रत्येक कक्षाजवळ पडदा असलेली खोली, झाकणाच्या स्टीलच्या वाट्या, उकळण्याची सोय, वेगळे शीतकपाट, दोन-तीन पंप आणि पाजणे शिकवणारी एक परिचारिका असावी. या परिचारिकेवर दुसरे कोणतेही काम टाकू नये. आई दुसऱ्या रुग्णालयात असेल तर पाठवणाऱ्या संस्थेने तिच्याकडून पहिल्या दिवसापासून दूध काढून घेण्याची जबाबदारी संदर्भपत्रावर लिहावी आणि शक्य तितक्या लवकर तिलाही रुग्णवाहिकेने बाळाकडे न्यावे.

वरच्या दुधाचा डबा अगदी लागूच नये असे आमचे म्हणणे नाही. पण दिवस न भरलेल्या बाळाच्या आतड्यांना त्याचा धोका आईच्या दुधापेक्षा जास्त असतो, हे डॉक्टरच सांगतात. म्हणून तो देण्यापूर्वी कारण केसपेपरवर लिहावे, आईला समजावून सांगावे. बाटली तर कक्षाच्या दारातच अडवावी. वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले पुरते. १९९२ च्या कायद्याने दुधाच्या डब्यांची व बाटल्यांची जाहिरात आणि आरोग्यसंस्थांतून प्रचार करायला मनाई आहे. खासगी नवजात रुग्णालयांतही तो कायदा लागू आहे याची आठवण आरोग्य विभागाने त्यांना पत्राने करून द्यावी.

ऊसतोडीचा प्रश्न वेगळा मांडणे भाग आहे. आमच्यातल्या निम्म्या घरांत कोयता आहे. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे, आणि उचल दोघांच्या नावावर. गळीत हंगामात बाळ काचेत असले तर मुकादमाचा फोन सुरू होतो, खाड्याचे पैसे अंगावर चढतात. शेवटी बाई फडात जाते, नाहीतर बाळाला घाईने सुट्टी घेऊन सोबत नेले जाते. पाचटाच्या कोपीत, थंडीच्या रात्री, दीड किलोचे बाळ. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी उसाच्या टनामागे साखर कारखान्यांकडून दहा रुपये घेण्याचा आणि राज्यानेही तेवढीच रक्कम देण्याचा निर्णय झालेला आहे. त्या निधीतून बाळ कक्षात असेपर्यंत आणि पुढे किमान सहा आठवडे आईला रोजाइतका निर्वाह भत्ता देण्याचा प्रस्ताव आपण महामंडळाकडे पाठवावा. त्या काळातला खाडा मुकादमाने लावू नये यासाठी कारखान्यांना लेखी कळवावे. बाळ जिल्ह्याबाहेर फडावर गेले तर त्याचे सुट्टीचे कार्ड तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे फोनने व कागदाने सुपूर्द व्हावे.

घरी सोडण्याबाबत. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. घरोघरी जाऊन नवजात बाळ सांभाळण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून देशभर गेली, याचा आम्हाला अभिमान आहे. पण बाळ तीन आठवडे काचेत असेल तर यांतल्या चार भेटींचे दिवस रुग्णालयातच निघून जातात. आमच्या बाळांसाठी भेटींची मोजणी घरी आल्या दिवसापासून व्हावी, पहिली भेट चोवीस तासांत व्हावी आणि आशाताईंकडे छोट्या बाळासाठी नीट वजनकाटा असावा. सुट्टीपूर्वी किमान एक पूर्ण दिवस-रात्र आईनेच सगळे पाजणे करावे, परिचारिकेने फक्त पाहावे. बाळ स्थिर झाले पण अजून ओढत नाही, अशा वेळी नेकनूर आणि लोखंडी सावरगाव येथील स्त्री रुग्णालयांत मायलेकरांसाठी काही खाटा राखून ठेवता येतील. मोठ्या कक्षावरचा भारही त्याने उतरेल.

दोन किलोच्या किंवा चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या डोळ्यांचा पडदा चार आठवड्यांच्या आत तपासला जावा. ती तारीख कार्डावर ठळक लिहावी, कारण ती चुकली तर दृष्टी जाऊ शकते.

भंडाऱ्यात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. आपल्या जिल्ह्यातील सर्व सरकारी व खासगी नवजात कक्षांच्या वीजजोडणीचा आणि अग्निसुरक्षेचा शेवटचा तपासणी अहवाल कक्षाच्या दारावर लावण्यात यावा.

वरील मागण्यांवर जिल्हा शल्यचिकित्सक, अधिष्ठाता आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्यासह आपल्या दालनात बैठक घ्यावी आणि तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावे, ही विनंती. बैठकीला आमच्यातल्या पाचजणी येतील. त्यांतल्या दोघींची बाळे अंगावर असल्याने ती सोबत असतील. बैठकीची वेळ दुपारची ठेवावी आणि पाजण्यासाठी एक बाजूची खोली उघडी ठेवावी.

आपल्या विश्वासू,
नवजात अतिदक्षता कक्षातून बाळ घरी आणलेल्या माता व आज्या,
बीड जिल्हा
(सह्या व अंगठे सोबतच्या कागदावर)

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, बीड
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा रुग्णालय, बीड
मा. अधिष्ठाता, स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अंबाजोगाई
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, बीड