न झालेल्या मृत्यूंचा हिशेब

जिल्ह्याच्या गावी नवे रुग्णालय उभे राहिले की मंत्रिमहोदय येतात, फीत कापली जाते आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत छायाचित्र झळकते. त्याच जिल्ह्यातील एखाद्या ग्रामपंचायतीने पिण्याच्या पाण्याचे शुद्धीकरण वर्षभर नियमाने केले आणि पावसाळ्यात गावात गॅस्ट्रोचा एकही रुग्ण निघाला नाही, तर त्याची मात्र बातमी होत नाही. व्हावी तरी कशी? जे घडलेच नाही त्याचे छायाचित्र कोण घेणार? सार्वजनिक आरोग्याच्या प्रश्नाची मेख नेमकी येथे आहे. वैद्याचे यश बऱ्या झालेल्या रोग्याच्या रूपाने डोळ्यांसमोर उभे राहते. सार्वजनिक आरोग्याचे यश केवळ आकड्यांत उमटते. म्हणूनच हे आकडे वाचता येणे ही सुशिक्षित नागरिकाची गरज आहे.

यांतील सर्वांत बोलका आकडा अर्भकमृत्युदराचा. हजार जिवंत जन्मांमागे किती बालके वर्षाची होण्यापूर्वीच दगावतात, हे तो सांगतो. माता कुपोषित असेल, पाणी दूषित असेल, बाळंतपण असुरक्षित असेल, लस वेळेवर मिळत नसेल, तर या साऱ्या उणिवा या एका दरात एकवटतात. नमुना नोंदणी पाहणीनुसार भारतात हा दर १९७१ साली १२९ होता. २०२० साली तो २८ वर आला. याचा अर्थ, जुनाच दर कायम राहता तर ज्यांना पहिला वाढदिवस दिसला नसता, अशी दर हजारी शंभरावर बालके आता जगतात. सरासरी आयुर्मान वाढले म्हणजे म्हातारी माणसे अधिक जगू लागली, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः ही वाढ मोठ्या प्रमाणात पाळण्यातील मृत्यू घटल्यामुळे झालेली असते. परंतु वाचलेली ती शंभर बालके नेमकी कोणती, हे सांगणे कोणालाही शक्य नाही. त्यांच्या आईबापांनाही नाही.

रोगांवरील विजयाचे सारे श्रेय औषधांना देण्याची आपली सवयही इतिहासाच्या कसोटीला पूर्णपणे उतरत नाही. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखवून दिला आणि त्यावरील पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हाती आले ते १९४० नंतरच्या दशकात. तथापि इंग्लंडमधील क्षयमृत्यूंत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जी घट झाली, तिचा बहुतांश भाग या औषधापूर्वीच घडून गेला होता. ती सकस आहारामुळे झाली, सुधारलेल्या घरांमुळे की स्वच्छतेच्या कायद्यांमुळे, याविषयी विद्वानांत वाद आहे. केवळ दवाखान्यांमुळे ती झाली नाही, याविषयी मात्र वाद नाही.

मग प्रतिबंधाच्या मागे लोकमत का उभे राहत नाही? ब्रिटिश वैद्यक जेफ्री रोझ यांनी याचे मार्मिक विवेचन केले आहे. जो उपाय साऱ्या समाजाला मोठा लाभ देतो, तो त्यातील एकेका व्यक्तीला फारच थोडा लाभ देतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. आहारातील मीठ सर्वांनीच थोडे कमी केले तर पक्षाघाताचे कितीतरी झटके टळतील. पण आपला झटका टळला असे कोणालाच छातीठोकपणे सांगता येणार नाही. अर्थशास्त्रज्ञ टॉमस शेलिंग यांनी १९६८ साली हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने मांडली. एका आजारी मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी वर्गणी क्षणात जमते. परंतु अनेक अनामिकांचे प्राण वाचवणाऱ्या कराला कोणी आनंदाने मान्यता देत नाही.

आणखी एक सावधगिरी बाळगावयास हवी. सरासरी ही उपयुक्त असली तरी पुष्कळ काही झाकून ठेवते. २०२० साली देशाचा अर्भकमृत्युदर २८ होता खरा. परंतु केरळात तो ६ होता आणि मध्य प्रदेशात ४३. एकाच राज्यघटनेखाली जन्मलेल्या बालकांच्या नशिबात सातपट अंतर! बरे, ही तफावत केवळ दारिद्र्याची म्हणावी, तर लंडनमधील सरकारी नोकरांची कथा पाहावी. १९६७ साली सुरू झालेल्या ‘व्हाइटहॉल’ पाहणीत सुमारे अठरा हजार पुरुष कर्मचारी होते. उपाशी कोणी नव्हता, बेकार कोणी नव्हता, आणि १९४८ पासून सर्वांना सरकारी आरोग्यसेवा उपलब्ध होती. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट आढळले. धूम्रपान, रक्तदाब आदी कारणे जमेस धरूनही या तफावतीचा पुरता उलगडा झाला नाही. मधल्या प्रत्येक पायरीवर वरच्यापेक्षा धोका अधिक होता. कचेरीतील उतरंड माणसाच्या हृदयापर्यंत पोचते, हे आपल्याकडील कारकून वर्गानेही ध्यानी घेण्याजोगे आहे.

ही स्थिती अटळ मात्र नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती देखभालीचे शिक्षण दिले. त्या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटला, असे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये ‘आशा’ सेविकांच्या कामात अशा गृहभेटींचा समावेश झाला. यासाठी ना टोलेजंग इमारत लागली, ना परदेशी यंत्र.

तेव्हा प्रश्न उरतो तो पैशाचा आणि त्याच्या अग्रक्रमाचा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. २०२१-२२ साली तो १.८४ टक्के होता. आणि त्याच वर्षी देशातील एकूण आरोग्यखर्चाचा ३९.४ टक्के भाग कुटुंबांनी पदरमोड करून भागवला. २०१८ साली आलेल्या आयुष्मान भारत योजनेने गरीब कुटुंबांना रुग्णालयातील उपचारांसाठी वर्षाला पाच लाख रुपयांचे विमासंरक्षण दिले. त्याचे मोल कोणीही नाकारू नये. परंतु विम्याच्या कार्डावर लाभार्थ्याचे नाव असते, शुद्ध पाण्याच्या नळावर ते नसते; आणि नावे असतील तिकडे राजकारणाचा ओढा अधिक असतो, हेही नाकारू नये.

हा ओढा बदलावयाचा तर मागणी खालून यावयास हवी. आपल्या गावात गेल्या वर्षी किती बालके जन्मली आणि त्यांपैकी किती वर्षाच्या आत दगावली? पाण्याचे नमुने कधी तपासले आणि निष्कर्ष काय आला? उपकेंद्रातील परिचारिकेची जागा किती महिने रिकामी आहे? हे तीन प्रश्न ग्रामसभेत विचारावयास पदवी लागत नाही. उत्तरे फळ्यावर लिहून ठेवावयास शाळेतील खडूही पुरतो. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी एवढे केले, तरी न झालेल्या मृत्यूंचा हिशेब मागणारे कोणीतरी आहे, हे सत्तेला कळेल. आज ते तिला कळलेले नाही.