‘फॉरमॅट मार’ म्हणण्याआधी

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या. पण हे मराठीतच लिहायचं होतं, कारण घडलं ते नांदगावला, काकांच्या पडवीत.

काकांचा लॅपटॉप दहा-बारा वर्षांचा. रॅम ४ जीबी, बॅटरी कधीच मेलेली. चार्जर काढला की खेळ खल्लास! १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला लागणारं टीपीएम २.० ह्या बिचाऱ्यात नाही. चुलत भाऊ बारावीला, सीईटीचे फॉर्म, मॉक टेस्ट सगळं ह्याच्यावर. मी रुबाबात म्हटलं, “लिनक्स मिंट टाकून देते.” इंजिनिअर ना मी! फोटो आणि कागदपत्रं आधी दुसरीकडे कॉपी केली, तेवढी अक्कल होती.

इन्स्टॉलेशन सुरू झालं आणि फाइल्स कॉपी होताना अडकलं. अर्धा तास पट्टी हलेना. बंद केलं, परत लावलं, परत तिथेच. असं तीनदा. मधे लाइट गेली ते वेगळंच. काका दर दहा मिनिटांनी, “अजून झाला नाय गो?” शेवटी मीच जाहीर केलं, “काका, हार्ड डिस्क गेलीय. नवीनच घ्यावा लागेल.”

काका काही बोलले नाहीत. कलमांच्या खतासाठी ठेवलेले पैसे मोजायला आत गेले.

आता माझ्या पोटात गोळा आला. हार्ड डिस्क गेली, हे मी कशावरून म्हटलं? काहीच बघितलं नव्हतं! मग कॅप्स लॉक दाबून पाहिलं. दिवा पेटत-विझत होता, म्हणजे कर्नल जिवंत होता. कंट्रोल-ऑल्ट-एफ२ ने टर्मिनल उघडून डीमेसेज कमांड दिली. ओळीवर ओळ, स्क्वॅशएफएस एरर. स्क्वॅशएफएस म्हणजे पेनड्राइव्हवरची ती दाबून भरलेली मोठी फाइल, जिच्यातून सगळी सिस्टिम डिस्कवर उतरते. डिस्कबद्दल एकही तक्रार नाही. गाडी वाचताना अडत होती, लिहिताना नाही.

मिंटवाले आयएसओ फाइलबरोबर एसएचए-२५६ चा ६४ अक्षरांचा आकडा देतात. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी तो पार वेगळा येतो. माझ्या लॅपटॉपवर सर्टयूटिल कमांडने काढून बघितला. जुळला नाही! मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, जाणाऱ्या-येणाऱ्या रेंजमध्ये डाऊनलोड केलेली फाइलच खराब होती. जुळला असता तर पुढची पाळी पेनड्राइव्हची, मग रॅमची. डिस्कचा नंबर त्यानंतर. ही तपासणी दोन मिनिटांची, आणि मी ती टाळली होती.

आपल्या हॉस्टेलवरही हेच चालतं. कुणाचा पीसी अडकला की रूममधून एकच सल्ला, “फॉरमॅट मार!” त्यानंही नाही झालं तर “नवीन घे.” घरून पैसे येतात म्हणून हे सुचतं. व्हायव्हात पेजिंग, डेडलॉक सगळं घडाघडा सांगतो, पण लॉग उघडून वाचलेला किती जणांनी? सरांना आणि मॅडमना एक विनंती: ऑपरेटिंग सिस्टिमच्या एका प्रॅक्टिकलला मुद्दाम खराब पेनड्राइव्ह द्या. कुठे अडलं ते शोधण्याचे मार्क ठेवा, इन्स्टॉल झाल्याचे नकोत.

लिनक्स टाकलं की जुना लॅपटॉप नवा होतो, असं मात्र मी म्हणत नाही. ४ जीबीत ब्राउझरचे दहा टॅब उघडले की तो धापा टाकतोच. आणि कधीकधी डिस्क खरंच गेलेली असते. पण तसं सांगायचं तर पुरावा दाखवून सांगावं.

रात्री रेंज बरी होती. फाइल परत डाऊनलोड केली, आकडा जुळवला, सकाळी अर्ध्या तासात काम झालं. भावाने पहिल्यांदा क्रिकेटचा स्कोअर उघडला. काका चष्मा लावून जवळ आले, स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“मगे? गेलली हार्ड डिस्क परत इली?”