प्रिंटर वाईट नाही हो, त्याला वाईट वागायला लावलंय!

परवा हापिसात चहा घेताना नेहमीचा विषय निघाला. कुणीतरी म्हणालं, "२०२३ साली चंद्रावर यान उतरवलं आपण, पण घरात धड चालेल असा प्रिंटर काही अजून कुणाला बनवता आलेला नाही." सगळे हसले. मीही हसलो. जागेवर येऊन बसल्यावर मात्र स्वतःचाच राग आला. कारण हे वाक्य साफ खोटं आहे, आणि ते खोटं असल्याचं मला आदल्याच रविवारी कळलं होतं.

त्याचं असं झालं. आमचे बाबा सोसायटीचे सेक्रेटरी. म्हणजे टँकरची वर्गणी, गच्चीची गळती आणि वार्षिक सभेची नोटीस, या सगळ्याचा छापखाना आमच्या घरी. चार वर्षं बिनतक्रार चाललेल्या इंकजेट प्रिंटरने सभेच्या आदल्या आठवड्यात एकदम असहकार पुकारला. संदेश काय, तर एका भागाचं आयुष्य संपलं आहे, सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा. साधला. तिथला मुलगा प्रिंटरकडे न बघताच म्हणाला, "सर, याच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. नवीनच घ्या." बाबा मला म्हणाले, "अरे, तू इंजिनियर ना? बघ तरी उघडून." (सॉफ्टवेअरवाल्याच्या घरी मिक्सरपासून गीझरपर्यंत सगळं याच वाक्याने सुरू होतं.)

उघडलं. आत मोटर ठीक, पट्टा ठीक, हेड ठीक, शाई भरलेली. मग मेलंय काय? तर तळाशी असलेला नमद्याचा एक पॅड! प्रिंटर अधूनमधून हेड साफ करतो तेव्हा नोझलमधून थोडी शाई ओढून फेकून देतो. ती शाई या पॅडमध्ये जिरते. किती जिरली हे मोजणारा सेन्सर त्यात नाही. फर्मवेअरमधला एक काउंटर प्रत्येक सफाईला अंदाजाने पुढे सरकतो आणि एका आकड्याला पोचला की प्रिंटर बंद. कायमचा. आमचा पॅड जेमतेम अर्धा भिजला होता. मी तो धुतला, दोन दिवस वाळवला, परत बसवला, इकडूनतिकडून मिळवलेल्या एका प्रोग्रॅमने काउंटर शून्यावर आणला, आणि बाबांची नोटीस छापून निघाली. खर्च शून्य रुपये.

आता मुद्द्यावर येतो. ज्या यंत्राला आपण भंगार म्हणतो त्याच्या पोटात काय चालतं ते एकदा बघा.

१९७७ साली जपानमध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत इचिरो एंदो यांच्याकडून तापलेलं सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागलं आणि टोकातून शाई उडाली. तिथून कॅननचं 'बबल जेट' निघालं. पाठोपाठ अमेरिकेत पालो आल्टोला एचपीमध्ये जॉन व्हॉट आणि सहकारी स्वतंत्रपणे त्याच युक्तीपर्यंत पोचले. १९८४ साली एचपीचा थिंकजेट आला, १९८५ साली कॅननचा बीजे-८०. युक्ती अशी: नोझलच्या मागे केसाच्या जाडीएवढा हीटर. त्याला एक-दोन मायक्रोसेकंद वीज द्यायची. तेवढ्यात त्याचा पृष्ठभाग तीनशे डिग्रीच्या आसपास जातो. त्याला चिकटलेला शाईचा अतिशय पातळ थर एका क्षणात वाफ होतो, बुडबुडा फुटल्यासारखा फुगतो आणि समोरची शाई नोझलबाहेर ढकलतो. बाकीची शाई उकळायला वेळच मिळत नाही. बुडबुडा विरतो, रिकाम्या जागेत नवी शाई येते, की पुढचा थेंब. सेकंदाला हजारो वेळा.

थेंब केवढा? पाच पिकोलिटरचा धरा. म्हणजे एक मिलिलिटर शाईत वीस कोटी थेंब. आणि असा प्रत्येक थेंब जवळपास सारखाच यायला हवा, नाहीतर फोटोतल्या आकाशात पट्टे दिसतात.

इथून खरी इंजिनियरिंगची गंमत सुरू होते. शाई तापली की पातळ होते, पातळ झाली की थेंब मोठा होतो. म्हणजे पहिलं पान फिकं आणि दहावं गडद! यावर उपाय म्हणून हेडच्या सिलिकॉनवरच तापमान मोजायची सोय केली. हेड थंड असेल तर बुडबुडा होणार नाही इतकी छोटी वीज देऊन शाई आधी कोमट करायची आणि मगच खरा झटका द्यायचा. झटका किती लांब हे तापमान बघून ठरवायचं. उत्तम कंट्रोल सिस्टिम आहे ही, आणि तीसुद्धा काही हजार रुपयांच्या डब्यात.

दुसरी भानगड म्हणजे दुधाच्या पातेल्याला बुडाशी लागते तशी खरवड. तीनशे डिग्रीला शाईतले रंग आणि अशुद्ध द्रव्यं हीटरवर करपून बसतात आणि उष्णता अडवतात. याला 'कोगेशन' म्हणतात, करपण्यासाठीच्या जपानी शब्दावरून. त्यासाठी शाईचं रसायन बदललं. वर बुडबुडा विरताना जो हातोडा बसतो त्याने हीटर फुटू नये म्हणून त्यावर टँटलम धातूचा थर दिला.

तिसरी गोष्ट, नोझल उघडी आणि वर शाई भरलेली टाकी, तरी शाई कागदावर ठिबकत का नाही? कारण कार्ट्रिजमधला स्पंज किंवा स्प्रिंग शाईला सतत किंचित मागे ओढून धरतात. फार ओढलं तर हवा आत शिरते, कमी ओढलं तर ठिबकते. या दोहोंमधल्या चिंचोळ्या पट्टीत सगळा संसार. शिवाय काम संपलं की हेडला टोपी घालायची, कडेला रबराने पुसायचं, कारण उघड्या नोझलमधली शाई वाळून बसते.

या सगळ्याचं फळ काय? थिंकजेटच्या हेडला १२ नोझल होत्या आणि शाई संपली की अख्खं हेड फेकायचं होतं. २०१३ साली एचपीने कागदाच्या रुंदीएवढं स्थिर हेड असलेला हापिसचा प्रिंटर आणला, त्यात ४२,२४० नोझल होत्या. आणि ज्या हीटरच्या आयुष्याची एकेकाळी कार्ट्रिज संपेपर्यंतच खात्री होती, त्याच तत्त्वाची हेड्स आज बाटलीने शाई भरायच्या प्रिंटरमध्ये टाकीमागून टाकी रिचवतात.

म्हणजे तीस-चाळीस वर्षं माणसांनी उष्णता, दाब, रसायन आणि धातू यांच्याशी झुंज घेऊन यंत्र टिकाऊ केलं. आणि मग कुणीतरी फर्मवेअरमध्ये एक अट लिहून ते परत नाशिवंत केलं! माझं भांडण या दुसऱ्या माणसाशी आहे.

हे माझ्या घरच्या पॅडपुरतं असतं तर मी एवढा तापलो नसतो. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या कित्येक ऑफिसजेट प्रिंटरनी दुसऱ्यांनी बनवलेली कार्ट्रिजं अचानक नाकारली. कालपर्यंत चालत होती, आज नाही. डिसेंबर २०२० मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने अशा बंधनांची ग्राहकांना नीट माहिती न दिल्याबद्दल कंपनीला १ कोटी युरोचा दंड केला. आणि जानेवारी २०२४ मध्ये तिचे तेव्हाचे प्रमुख एनरिके लोरेस यांनी मुलाखतीत सरळच सांगितलं, की प्रिंटर विकणं ही आमची ग्राहकातली गुंतवणूक, आणि तो पुरेसं छापत नसेल किंवा आमची शाई घेत नसेल तर ती वाईट गुंतवणूक. वाचून हसू की रडू कळेना. दुकानात पैसे मोजले मी, आणि गुंतवणूकही मीच!

कंपन्यांची बाजू ऐकूया, अन्याय नको. त्या म्हणतात, स्वस्त शाईने हेड बिघडतं. खरं आहे. वर ती खरवड सांगितलीच, वाईट शाईने ती लवकर धरते. शाई नसताना हीटर चालवला तर उष्णता न्यायला कुणी नसतं आणि तो जळू शकतो, म्हणून शाई खरंच संपल्यावर थांबणं बरोबरच. पॅड खरोखर भरला तर शाई टेबलावर वाहील, तेही कबूल. पण मग इशारा द्या. 'ही शाई आमची नाही, हेड गेलं तर जबाबदारी तुमची' असं सांगा आणि निर्णय माझ्यावर सोडा. माझी कसोटी साधी आहे: हा थांबा यंत्र वाचवायला आहे की विक्री? यंत्र वाचवायला असेल तर तो दुरुस्तीनंतर उठवता येतो. उठवायची सोयच ठेवली नसेल तर समजून जा.

चिपशिवाय भागतच नाही म्हणणाऱ्यांसाठी एक किस्सा. जानेवारी २०२२ मध्ये जगभर चिपांची टंचाई असताना कॅननला आपल्या लेझर कॉपियरच्या टोनरमध्ये घालायला चिप मिळेनात. तेव्हा चिप नसलेले टोनर विकून कंपनीनेच ग्राहकांना सांगितलं, की इशारा आला तर अमुक बटण दाबून पुढे जा. टोनरची पातळी नीट दिसणार नाही, पण छपाईच्या दर्जावर परिणाम नाही. घ्या!

तुम्ही म्हणाल, मग इंजिनियरने करायचं काय, धंदा तर चालवायलाच हवा. त्याचंही उत्तर आहे, आणि ते आपल्यासारख्या देशांतून आलंय. इंडोनेशियात, भारतात गल्लीतले तंत्रज्ञ सिरिंजने कार्ट्रिज भरत होते, प्रिंटरच्या कुशीला बाटल्या लटकवून नळ्या जोडत होते. कंपन्या वर्षानुवर्षं त्यांच्या नावाने बोटं मोडत होत्या. मग २०१० साली एप्सनने (त्यांच्या हेडमध्ये उष्णता नसते, वाकणारा पिझो स्फटिक शाई ढकलतो) इंडोनेशियात स्वतःच टाकीवाला प्रिंटर काढला. यंत्राची किंमत जास्त, शाई स्वस्त. पुढे तापणारी हेडं बनवणाऱ्या कॅनन आणि एचपीनेही तेच केलं. कुणी बुडालं नाही. यंत्राची खरी किंमत उघडपणे मागितली की लोक देतात.

यात आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. सेलमध्ये सगळ्यात स्वस्त प्रिंटर उचलतो आणि कार्ट्रिजचा भाव नंतर बघतो. ती फुकटची हौस महागात पडते.

पण खरं बोट मला आपल्या जमातीकडे दाखवायचंय. तो काउंटर आकाशातून पडलेला नाही. कुणा प्रॉडक्ट मॅनेजरने तिकीट काढलं, कुणा माझ्यासारख्याने सहा ओळी लिहिल्या, कुणी रिव्ह्यूत 'ठीक' म्हटलं आणि सगळे जेवायला गेले. हार्डवेअरवाल्यांनी मायक्रोसेकंदांसाठी आयुष्य घातलं आणि आपण सहा ओळींत त्याची रद्दी केली. काही मॉडेलमध्ये आता हा पॅड एका डब्यात येतो, तो घरी स्वतः बदलता येतो. म्हणजे जमतं! त्यामुळे उद्या असं तिकीट आपल्या वाट्याला आलं तर निदान मीटिंगमध्ये एवढं तरी विचारूया, की हा आकडा परत शून्यावर ग्राहक कसा आणणार? उत्तर नसेल तर ते तिकीट बग म्हणून परत पाठवूया.

असो. बाबांची सभा झाली. गच्ची अजून गळतेय. प्रिंटर मात्र चालू आहे.