अर्ध्या ओळीची परीक्षा

चिप डिझाइनसाठी देशाला माणसं हवीत, हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. केंद्र सरकारच्या ‘चिप्स टू स्टार्ट-अप’ कार्यक्रमानं ८५ हजार अभियंते घडवण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे. चर्चा मात्र कारखाना कोणत्या राज्यात जाणार आणि अनुदान किती मिळणार यावरच अडते. या अभियंत्यांचा हात ज्या प्रयोगशाळेत वळणार, तिथे काय शिकवलं जातं, याकडे सहसा कुणी पाहत नाही. तिथे असतो एफपीजीए बोर्ड, म्हणजे आतली मांडणी आपल्याला हवी तशी बदलता येते अशी चिप. विद्यार्थी तिच्यावर एलईडी लुकलुकवतो, काउंटर बांधतो, चौकातले सिग्नल चालवतो आणि शेवटी व्हीजीए मॉनिटरवर रंगीत पट्टे आणून दाखवतो. हा शेवटचा प्रयोग बदलावा आणि त्याच्या जागी जुन्या टीव्हीच्या ६२५ ओळींच्या इंटरलेस्ड चित्राचे सिंक पल्स, म्हणजे पुढची ओळ कधी सुरू करायची आणि पुन्हा वर कधी जायचं हे पडद्याला सांगणारे इशारे, तयार करायला द्यावेत, असं माझं मत आहे. ऐकायला ते उलट्या दिशेचं पाऊल वाटेल, पण त्याला कारण आहे.

व्हीजीएचा प्रयोग फार क्षमाशील आहे. ६४० बाय ४८० च्या चित्रासाठी मानकात घड्याळ २५.१७५ मेगाहर्ट्झचं सांगितलं आहे. बोर्डावर बहुधा १०० मेगाहर्ट्झचं असतं. विद्यार्थी त्याला चारानं भागून २५ मेगाहर्ट्झ घेतो. चित्र सेकंदाला ५९.९४ ऐवजी ५९.५२ वेळा उमटतं आणि मॉनिटर काही न बोलता ते स्वीकारतो. शिवाय आडव्या आणि उभ्या सिंकसाठी दोन स्वतंत्र तारा असतात. दोन काउंटर, चार तुलना, की झालं. पट्टे दिसले, गुण मिळाले. वेळेची चूक कुठे अंगाशी येत नाही, त्यामुळे वेळ मोजणं हाच या कामाचा गाभा आहे, हे मुलांच्या लक्षातच येत नाही.

इंटरलेस्ड चित्रात ही सूट नाही. त्याची गरज का पडली, ते आधी पाहू. पडद्यावर सेकंदाला २५ चित्रं उमटवली तर लुकलुक डोळ्याला खुपते, आणि ५० पूर्ण चित्रं पाठवायची तर दुप्पट बँडविड्थ लागते. तोडगा असा निघाला की आधी एकाआड एक ओळी काढायच्या, मग राहिलेल्या. या प्रत्येक अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तशी दोन फील्ड एकमेकांत बसतात. बीबीसीनं १९३६ साली लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून सुरू केलेलं ४०५ ओळींचं चित्र असंच होतं, अमेरिकेचं ५२५ ओळींचंही असंच, आणि २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं ते ६२५ ओळींचंही असंच. यातली खरी हुशारी पुढे आहे. हे पहिलं फील्ड आणि हे दुसरं, असं टीव्हीला कुणीही सांगत नाही. सिग्नलमध्ये तशी वेगळी खूणच नसते. ६२५ ही विषम संख्या असल्यानं प्रत्येक फील्डच्या वाट्याला ३१२.५ ओळी येतात. एक फील्ड ओळ अर्धी असताना संपतं, चित्र रेखाटणारा पिक्चर ट्यूबमधला किरण वर परततो, आणि तेवढ्या फरकामुळे पुढच्या ओळी आधीच्या ओळींच्या मधल्या फटींत आपोआप पडतात. एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची, अर्धी ३२ची. पडद्यावरची जागा इथे निव्वळ वेळेतून तयार होते.

ही अर्धी ओळ सांभाळायला जुन्या अभियंत्यांना किती बारीक विचार करावा लागला, ते उभ्या सिंकच्या रचनेत दिसतं. आडवा आणि उभा सिंक एकाच तारेतून जातात, म्हणून टीव्ही पल्सच्या रुंदीवरून ते ओळखतो. रुंद पल्स आले की एक कपॅसिटर भरत जातो आणि ठरावीक पातळी गाठली की किरण वर जातो. पण एका फील्डमध्ये त्याआधीचा ओळीचा पल्स पूर्ण ओळ मागे असतो, दुसऱ्यात अर्धीच ओळ मागे. कपॅसिटरमध्ये उरलेला भार दोन्ही वेळा सारखा नसतो, त्यामुळे पातळी थोडी आधी किंवा थोडी नंतर गाठली जाते आणि फटींत बसणाऱ्या ओळी घसरतात. म्हणून रुंद पल्सच्या आधी अर्ध्या-अर्ध्या ओळीच्या अंतरानं २.३५ मायक्रोसेकंदांचे पाच अरुंद पल्स घातले, मग पाच रुंद, मग पुन्हा पाच अरुंद. त्यामुळे दोन्ही फील्डमध्ये उभ्या सिंकच्या आधीची स्थिती सारखी होते. दोन रुंद पल्समध्ये ४.७ मायक्रोसेकंदांची खाचही ठेवली, म्हणजे या गडबडीत आडव्या ओळींचा ठेका चुकत नाही. व्हॉल्व्हच्या काळात हे सगळं ३१,२५० हर्ट्झच्या एका ऑसिलेटरमधून काढत. त्याला दोननं भागलं की ओळींची वारंवारता १५,६२५ मिळते, ६२५नं भागलं की फील्डची ५०. आणि ६२५ म्हणजे पाच गुणिले पाच गुणिले पाच गुणिले पाच. व्हॉल्व्हचे सर्किट लहान संख्येनंच भरवशानं भागू शकत, म्हणून ओळींची संख्याही तशी निवडलेली. (४०५ आणि ५२५चे अवयव पाडून पाहा, तिथेही सात ओलांडणारा एकही अवयव सापडत नाही.)

हेच काम एफपीजीएवर करायला घेतलं की विद्यार्थ्याचे निर्णय सुरू होतात. अंकीय व्हिडिओसाठी १९८२ साली ठरलेलं घड्याळ १३.५ मेगाहर्ट्झचं आहे. त्यात एका ओळीचे ८६४ ठोके होतात, अर्ध्या ओळीचे ४३२ आणि पूर्ण चित्राचे ५ लाख ४० हजार. १०० मेगाहर्ट्झला पूर्णांकानं भागून १३.५ येत नाहीत, तेव्हा पीएलएल, म्हणजे एका घड्याळातून दुसऱ्या वारंवारतेचं घड्याळ काढणारं सर्किट, नीट लावावं लागतं. ४.७ मायक्रोसेकंद म्हणजे ६३.४५ ठोके. मग ६३ घ्यायचे की ६४, हे मानकातली सवलत वाचून ठरवायचं. ओळी मोजणारा काउंटर घेतला की प्रत्येक अर्ध्या ओळीला अपवाद लिहावा लागतो आणि कोड पसरत जातो. अर्ध्या ओळी मोजल्या, म्हणजे चित्राला १२५०, की सगळं सरळ होतं. हा शोध विद्यार्थ्यानं स्वतः लावला तर तो व्हॉल्व्हवाल्यांच्या ३१,२५०पाशीच येऊन पोचतो. आणि चुकला तर? अर्धी ओळ विसरली की दोन्ही फील्ड एकाच ओळींवर पडतात. चित्र दिसतं, फक्त उभा बारकावा निम्मा होतो. फील्डचा क्रम उलटा झाला तर स्थिर चित्र उत्तम दिसतं आणि चालणारा माणूस पुढे-मागे थरथरतो. ‘दिसतंय म्हणजे झालं’ ही प्रयोगशाळेतली सवय इथे चालत नाही. ऑसिलोस्कोप लावून मोजावंच लागतं. या प्रयोगाचं सगळ्यात मोठं मोल मला यात वाटतं, कारण चिपच्या धंद्यातल्या महागड्या चुका बहुधा अशाच असतात, चालतंय असं दिसत असताना झालेल्या.

कालबाह्य तंत्र मुलांच्या माथी का मारायचं, हा आक्षेप अगदी स्वाभाविक आहे. दूरदर्शननं आपले बहुतेक अॅनालॉग प्रक्षेपक बंद केले आहेत आणि ६२५ ओळींचे पल्स काढता येतात म्हणून कुणाला नोकरी मिळणार नाही, हे मला मान्य आहे. पण इंटरलेसिंग संपलेलं नाही. अनेक एचडी वाहिन्यांचं १०८०आय चित्र आजही दोन फील्डमध्येच येतं. त्याच्या ११२५ ओळी, म्हणजे फील्डला ५६२.५. सेकंदाला ५० फील्डच्या या चित्रात ओळीचे ठोके २६४०, आणि एचडीएमआयवरसुद्धा दुसऱ्या फील्डचा उभा सिंक १३२० ठोके सरकून ओळीच्या मध्यावर सुरू होतो. शिवाय प्रश्न टीव्हीपुरता नाही. नारायणगावजवळ खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत ३० अँटेनांचे सिग्नल वेळेत एकमेकांशी जुळवावे लागतात आणि तिच्या अद्ययावत यंत्रणेत एफपीजीए बोर्ड आणि जीपीयू मिळून काम करतात. तिथला विषय वेगळा आहे, पण अंगी लागणारी सवय हीच.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. व्हिडिओ टायमिंगचे तयार ब्लॉक मिळतात, कोड एआय लिहून देतं, मग हातानं कशाला करायचं? पण तयार ब्लॉकमध्येही दुसऱ्या फील्डचा उभा सिंक ओळीत कुठे सुरू करायचा, याचा रकाना असतो. तो कशानं भरायचा, ते ब्लॉक सांगत नाही. एआयनं दिलेला कोड बरोबर आहे का, हे तपासणाऱ्यालाच उद्या पगार मिळणार असेल, तर बघून बरोबर वाटणारी चूक मोजून पकडणं हे शिकवायला हवं.

खर्चाची तक्रार तर टिकतच नाही. कृष्णधवल सिग्नलला दोन-तीन रेझिस्टर पुरतात. बोर्ड आणि ऑसिलोस्कोप प्रयोगशाळेत आधीच असतात. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही भंगारात मिळाला तर उत्तम, नाहीतर पिवळा सॉकेट असलेला कोणताही टीव्ही चालतो. रंग मात्र यात आणू नयेत. ४.४३३६१८७५ मेगाहर्ट्झच्या त्या वाहकाच्या नादी लागलं तर सत्र संपेल. अभ्यासक्रम भरगच्च आहे हे खरं, पण मी नवा विषय मागत नाही, एक प्रयोग बदलायला सांगतो आहे. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी आणि स्वायत्त महाविद्यालयांनी पुढच्या फेरबदलात व्हीजीएच्या पट्ट्यांऐवजी हा प्रयोग घालावा, आणि गुण पडद्यावरच्या चित्राला न देता ऑसिलोस्कोपवर मोजलेल्या त्या ३२ मायक्रोसेकंदांना द्यावेत.