'ब्लॅकफूट' : मध्यस्थाच्या मळलेल्या पायांविषयी

दोन प्रेमिकांमध्ये ये-जा करणाऱ्या माणसाला भाषा सहसा न्याय देत नाहीत. चॉसरने १३८०च्या दशकात रंगवलेला पँडॅरस हा नायिकेचा बोलघेवडा, खटपट्या नातलग. त्याच्या नावावरून इंग्रजीत रूढ झालेला 'पँडर' मात्र थेट कुंटणखान्याच्या दाराशी उभा आहे. रोमन कायद्यात 'प्रॉक्सेनेटा' म्हणजे नुसता मध्यस्थ, त्याच्या मेहनतान्याचा प्रश्न जस्टिनियनच्या 'डायजेस्ट'मध्ये (इ.स. ५३३) गांभीर्याने चर्चिलेला आहे. आजच्या फ्रेंचमध्ये त्याच शब्दाचा वंशज वेश्याव्यवसायावर जगणाऱ्याला लावतात. अरबीतून आलेला आपला 'दलाल' मुळात वाट दाखवणारा. त्याचे पुढे काय झाले, हे सांगायला नकोच.

या अर्थापकर्षाच्या रांगेत स्कॉट्स भाषेतला 'ब्लॅकफूट' बसवण्याचा मोह होतो. शब्दशः 'काळ्या पायाचा'. अर्थ, प्रियकराच्या वतीने मुलीचे मन वळवणारा. (आज हा शब्द शोधू गेल्यास उत्तर अमेरिकेतला त्याच नावाचा आदिवासी समाज समोर येतो, त्याचा येथे संबंध नाही.) वॉल्टर स्कॉटने 'द फॉर्च्यून्स ऑफ नायजेल' (१८२२) या कादंबरीत तो वापरला आहे, आणि तोही 'प्रॉक्सेनेटा'चा गावंढळ तर्जुमा म्हणून. बोलणारा आहे लॉर्ड डालगार्नो. ज्या स्त्रीला त्याने फसवले तिच्याशी राजा जेम्स त्याचे लग्न लावू पाहतो आहे, आणि हा राजालाच कुत्सितपणे त्या पदावर बसवतो. पण येथे थांबून विचारले पाहिजे, की ही तुच्छता शब्दाची की बोलणाऱ्याची? माझ्या मते ती डालगार्नोची आहे. उमरावाच्या तोंडचा उपहास आपण शब्दाचा अर्थ म्हणून वाचला, तर ज्यांचा तो शब्द होता त्यांच्यावर अन्याय होतो.

ते लोक कसे होते, हे रॉबर्ट बर्न्सच्या एका पत्रातून दिसते. ऑगस्ट १७८७ मध्ये डॉ. जॉन मूर यांना लिहिलेल्या या आत्मचरित्रपर पत्रात तो सांगतो, की खेड्यातला तरुण विश्वासू साथीदारावाचून प्रेमप्रकरण सहसा चालवीत नाही, आणि हे काम आपण मोठ्या उत्साहाने करीत असू. टारबोल्टन परगण्यातली निम्मी गुपिते आपल्यापाशी आहेत याचा त्याला एवढा आनंद, की युरोपातल्या निम्म्या दरबारांची कारस्थाने ठाऊक असलेल्या मुत्सद्द्याशी तो स्वतःची तुलना करतो. 'ब्लॅकफूट' हा शब्द तो तेथे वापरत नाही; पण वर्णन केलेला माणूस तोच आहे. त्यात दलाली नाही, लाज नाही. आहे ती मैत्री आणि थोडी फुशारकी.

शिवाय त्या समाजात हे काम पोरखेळ नव्हते. पाद्री नसताना, केवळ परस्परसंमतीच्या उच्चाराने झालेले लग्न स्कॉटलंडचा कायदा १९४० पर्यंत मान्य करीत असे. शब्दाला एवढे वजन असलेल्या ठिकाणी शब्द पोहोचवणाराही जबाबदारीचा धनी असतो. 'ब्लॅकसोल', म्हणजे काळ्या तळव्याचा, असा याचा एक जोडशब्दही आहे. दोन्ही शब्द मी शेताच्या बांधावरून, रात्रीच्या चिखलातून चालत गेलेल्या पायांचे म्हणून वाचतो. मनाच्या काळेपणाचे म्हणून नव्हे. दुसऱ्यासाठी चालल्याने मळलेले पाय, एवढेच.

मराठीत हा शब्द आणायचा तर काय करावे? 'दलाल' आणि 'कुंटण' बाद. 'मध्यस्थ' फार कचेरीतला. 'दूती'ला संस्कृत शृंगाराचा सुगंध आहे, पण ती राजवाड्यात वावरते. तिचे पाय मळत नाहीत. मला 'निरोप्या' जवळचा वाटतो, जरी त्यात मन वळवण्याची कला येत नाही. डालगार्नोच्या वाक्यात मात्र तो चालणार नाही. तेथे उपहासच हवा, आणि अनुवादकाला त्या एका ओळीपुरता दुसरा शब्द शोधावा लागेल.